ताटलीवरचं नाव : एका ‘प्रयोगा’ची चौकशी

इंदूरच्या एका मराठी मंडळाचा व्हॉट्सअॅप गट. सभासद दोनशेच्या आसपास, त्यातले रोज बोलणारे तीसेक, आणि पहाटे सहाला फुलांची चित्रं टाकणारे कायमचे पाच. या गटावर गेल्या डिसेंबरपासून सात आठवडे जे चाललं त्याची चौकशी करायला मंडळाने तिघांना बसवलं : एक निवृत्त वकील, वाचनालय सांभाळणाऱ्या ताई आणि मी. मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, म्हणून मला घेतलं. खरं तर मला घ्यायला नको होतं. का, ते पुढे येईलच. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना मजकूर आधी वाचून दाखवला आहे आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही खुणा बदलल्या आहेत.

काय घडलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमंत्रणाच्या लिंकवरून एक नवी सभासद आली. लग्न होऊन पुण्याहून इंदुरात आलेली, आयटीत नोकरी, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. पंचवीस-तीस जणांनी हात जोडून स्वागत केलं. दोन दिवसांत तिचं नाव ‘नवी सून’ पडलं. आपणही तिला तेच म्हणू.

पहिले काही दिवस साध्या चौकश्या. विजयनगरात चांगलं मेतकूट कुठे मिळेल, भाड्याने पेटी कोण देतं. मग पोहे निघाले. इंदुरी पोहे वाफेवर ठेवतात, त्यात बडीशेप असते, वर शेव, जिरावण हा इंदुरी मसाला आणि शेजारी जिलबी. सूनबाईंनी लिहिलं, ‘पोह्यांवर जिरावण म्हणजे साध्या चेहऱ्यावर भडक रंगरंगोटी.’ दिवसभरात एकशेचाळीस निरोप. पण लोक हसत भांडत होते. सराफा बाजारात या, खाऊन दाखवा, मग बोला, असा एकंदर सूर. गटाला जरा जाग आली म्हणून अध्यक्षही खूश होते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर सगळेच ‘आम्हाला पहिल्यापासून संशय होता’ म्हणू लागले. कुणाला काहीही संशय नव्हता.

पोह्यांनंतर भाषा. ‘येऊन राहिलो, करून राहिलो, ही मराठी नाही, हिंदीला नेसवलेली नऊवारी आहे.’ इथे हसणं थांबलं. होळकरांबरोबर माळव्यात आलेली घरं आहेत ही. पिढ्यान् पिढ्या इथेच. महाराष्ट्रात गेलं की ‘तुम्ही हिंदीवाले’, इथे गल्लीत ‘वो मराठी लोग’. ही आमची जुनी ठसठस आणि बोट नेमकं तिथे पडलं. मीही रात्री साडेदहाला अकरा ओळींचं उत्तर लिहिलं. त्यात २००१ चं साहित्य संमेलन इंदुरात झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, इथपासून सगळं काढलं. एका जास्वंदीच्या फुलाला मी संमेलनाचा इतिहास सांगत होतो.

मग ‘वाचनालय बंद करा, जिम काढा, तिथे वाचतंय कोण’. ताई गटावर एक शब्द बोलल्या नाहीत. घरी बसून त्यांनी वर्षभरात किती पुस्तकं बाहेर गेली त्याचा हिशेब काढला, वहीत लिहिला आणि वही कपाटात ठेवून दिली.

आणि मग संक्रांत. गटातल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, रविवारचं अभिवाचन वर्षानुवर्षं त्याच चालवतात. त्यांच्या यजमानांना जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांनी घरी हळदीकुंकू केलं आणि विधवा बायकांनाही मानाने बोलावून कुंकू लावलं, वाण दिलं, स्वतःलाही लावून घेतलं. इंदुरात काही घरांत ही पद्धत आता रुळते आहे. काकूंनी फोटो टाकला. खाली सूनबाईंची ओळ आली : ‘नवरा गेल्यावर हौस जास्तच येते वाटतं.’

काकूंनी उत्तर दिलं नाही. फोटो काढून टाकला आणि रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी गट सोडला. करड्या अक्षरांतली ती बारीक ओळ पडद्यावर आली आणि तिच्या खाली, सहा-सात तासांनी, सूर्यफुलाचं चित्र आणि सुप्रभात. पुढचे दोन रविवार अभिवाचन झालं नाही.

ताटली

आठवड्याने सूनबाईंनी ‘असे असतात पोहे’ म्हणून फोटो टाकला. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. स्टीलच्या ताटलीच्या काठावर, खोबऱ्याच्या पलीकडे, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं अर्धवट दिसत होती. पूर्वी भांडी घेतली की दुकानदार तिथल्या तिथे नाव घालून द्यायचा, तशी. एका मावशींनी फोटो बोटांनी मोठा केला. दोन आद्याक्षरं आणि १९८७. ही ताटली त्यांनी शेकडो वेळा घासली होती. त्यांच्या थोरल्या जावेची, एकत्र घर होतं तेव्हाची. त्यांनी गटावर काही लिहिलं नाही, सरळ फोन लावला : “जाऊबाई, तुमच्याकडे पुण्याची सून कधी आली हो?”

सून आली नव्हती. त्या घरात बावीस वर्षांचा नातू होता, शहरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. त्याला इथे क्ष म्हणू.

त्याच रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी क्षच्या खऱ्या नंबरावरून निरोप आला : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की गेले सात आठवडे सुरू असलेला उपक्रम हा ऑनलाइन समूहवर्तनावरील मानसशास्त्रीय प्रयोग होता. आपल्या प्रतिसादांबद्दल आभार. निष्कर्ष लवकरच.’

लोक सगळ्यात जास्त चिडले ते ‘आभार’ या शब्दावर.

त्याचं म्हणणं

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. क्ष लॅपटॉप घेऊन आला होता. मुलगा हुशार, वाचलेला. घाबरलेला होता, पण तयारीनिशी आला होता. त्याने तीन गोष्टी मांडल्या. लोकांना आधी सांगितलं असतं तर ते नैसर्गिक वागले नसते. मोठमोठ्या मानसशास्त्रज्ञांनी असंच केलं आहे. आणि कॉलेजचा प्रकल्प आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण ते पाच मिनिटांत निकालात निघालं. प्रकल्प खरंच होता. कॉलेजच्या बाईंनी दिलेला कागद त्याच्याकडेच होता. आपण आधीपासून सभासद असलेल्या एखाद्या गटाचं दोन आठवडे निरीक्षण करा, गटप्रमुखाची लेखी परवानगी घ्या, हस्तक्षेप करू नका. वकीलसाहेबांनी कागद त्याच्यापुढे सरकवून शेवटचं वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. वकिली सवय.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला थांबावं लागलं, कारण उदाहरणं त्याने माझ्याच विषयातली काढली. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम, १९६१, अमेरिकेतलं येल विद्यापीठ. ‘शिक्षा दिल्याने स्मरण सुधारतं का’ असं सांगून माणसांना बोलावलं आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायला लावले. झटके खोटे, ओरडणं खोटं. पहिल्या प्रसिद्ध लेखातल्या चाळीस जणांपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. फसवणूक होती, नाकारत नाही. पण आलेला प्रत्येक जण आपण एका प्रयोगात भाग घेतोय हे जाणून आला होता. संपल्यावर त्याची त्या ‘पीडित’ माणसाशी भेटही घालून दिली. आणि इतकं करूनही १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी, माणसांना इतका मनस्ताप देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, म्हणून मिलग्रॅमना जाहीर धारेवर धरलं. आज मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकी संघटनेची आचारसंहिता फसवणुकीला दार थोडंसंच उघडं ठेवते : दुसरा मार्ग नसेल, अभ्यासाचं मोल तितकं असेल, तरच. आणि तीव्र मनस्ताप होईल असा अंदाज येत असेल तर अजिबात नाही. चौदा महिन्यांपूर्वी यजमान गेलेल्या बाईला ती ओळ लिहिताना अंदाज यायला संहिता वाचलेली लागत नाही.

त्याचं दुसरं उदाहरण जास्त चतुर होतं. हॅरॉल्ड गार्फिंकेल. १९६०च्या दशकात या समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, आपल्याच घरी जाऊन पाव ते एक तास भाडेकऱ्यासारखे वागा. अति नम्र, परके, विचारल्याशिवाय बोलू नका. घरचे लोक गोंधळले, रडकुंडीला आले, चिडले. रोजच्या जगण्यातले न बोललेले नियम मोडले की ते दिसतात, हा त्याचा मुद्दा, आणि मुद्दा पक्का आहे. मी वर्गात दर वर्षी शिकवायचो. पण त्याच वृत्तांतात एक बहीण येते. सगळं उलगडून सांगितल्यावर ती भावाला थंडपणे म्हणते की आता हे प्रयोग पुरे, आम्ही काही उंदीर नाही. मी क्षला विचारलं, ती बहीण आठवते का? आठवत नव्हती. खरं सांगायचं तर वर्गात मी तिच्यापर्यंत कधी पोचलोच नव्हतो. तास संपायचा.

मग तो म्हणाला, “सर, फेसबुकने तर सहा लाख लोकांवर केलं.” केलं. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा, ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पानावर येणारा आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून पाहिला, त्यांना न सांगता. लेख जून २०१४ मध्ये छापून आला आणि पुढच्याच महिन्यात त्या नियतकालिकालाच संमतीबद्दल चिंता व्यक्त करणारं निवेदन छापावं लागलं. त्याहून जवळचं उदाहरण मी दिलं, जे त्याच्या यादीत नव्हतं. झुरिक विद्यापीठाच्या काही संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात रेडिट या संकेतस्थळावरच्या एका चर्चेच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले सतराशेच्या वर अभिप्राय टाकले. एक खातं बलात्कारपीडित असल्याचं सांगत होतं, एक आघातग्रस्तांचं समुपदेशन करणारं. तिथल्या माणसांना सगळं आटोपल्यावर कळवलं. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे आधी कागद गेले होते, तरीही बोंब झाली. मुख्य संशोधकाला ताकीद मिळाली आणि लेख प्रसिद्ध न करायचं ठरलं.

म्हणजे समितीचा शिक्का असला की सगळं शुद्ध, असंही नाही. पण आपल्याकडे वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेची, आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं पाहिली तर नीतिसमितीत सात ते पंधरा माणसं, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि एक तरी सामान्य माणूस असावा लागतो. तो सामान्य माणूस कशाला? तर ‘अहो, माझ्या आईला असं कुणी लिहिलं तर?’ एवढं विचारायला. क्षच्या समितीत क्ष एकटा होता.

‘आधी सांगितलं असतं तर लोक नैसर्गिक वागले नसते’ हे वाक्य मला सगळ्यात पोकळ वाटतं, कारण ते ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतं. चिथावणीचा अभ्यास करायला चिथवावंच लागतं असं कुठे आहे? २०१४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना प्रश्नावल्या देऊन सरळ विचारलं, इंटरनेटवर काय करायला आवडतं. ज्यांनी ‘लोकांना डिवचायला’ म्हटलं त्यांच्यात दुसऱ्याच्या त्रासातून मजा घेण्याची वृत्ती ठळक निघाली. त्यासाठी कुणालाही डिवचावं लागलं नाही. २०१७च्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःहून आलेल्या लोकांना आधी अवघड चाचणी देऊन त्यांचा मूड बिघडवला, मग एका लेखाखाली मत लिहायला लावलं. वैतागलेली आणि वर आधीच कुणाचे तरी कडवट अभिप्राय वाचलेली साधी माणसंही जास्त बोचरं लिहितात, हे त्यातून दिसलं. आमच्या गटात जे झालं त्याचं उत्तर त्यात बरंचसं आहे. आणि त्यात कुणी काकू गट सोडून गेल्या नाहीत.

तक्ता

आम्ही म्हटलं, ठीक, प्रयोग होता तर नोंदी दाखव. त्याने तक्ता उघडला. त्रेचाळीस ओळी. नाव, फोन नंबर, अंदाजे वय, विषय, आणि शेवटचा रकाना : ‘चिडण्याची पातळी, १ ते ५’. मी चारवर होतो. वकीलसाहेब दोनवर, त्याचा त्यांना थोडा अभिमान वाटलेला मी पाहिला. ताई तक्त्यात नव्हत्याच, कारण त्या गटावर काही बोलल्या नव्हत्या. काकूंच्या ओळीत ५ आणि पुढे शेरा : ‘गट सोडला’. त्या चौकटीला हिरवा रंग दिला होता.

“हिरवा का?” ताईंनी विचारलं. तो म्हणाला, सहज.

मी त्याला तक्त्याचा बदलांचा इतिहास उघडायला सांगितलं. हे मला माझ्या नातीने शिकवलंय. पहिली नोंद त्याच रात्रीची, नऊ पन्नासची. म्हणजे ‘प्रयोग होता’ हे जाहीर केल्यानंतर चाळीस मिनिटांनी प्रयोगाच्या नोंदी सुरू झाल्या होत्या. त्रेचाळीस माणसांच्या रागाची मोजदाद एका बैठकीत, मागे स्क्रोल करत.

नंतर मी नेहमीचे प्रश्न विचारले, तोंडी परीक्षेला विचारायचो तसे. तुझा प्रश्न काय? “लोक कशाने चिडतात.” तुला आधी काय वाटत होतं, कशाने चिडतील? गप्प. काय दिसलं असतं तर तुझं म्हणणं चूक ठरलं असतं? गप्प. कधी थांबायचं ठरलं होतं? “संक्रांतीनंतर थांबणारच होतो.” पण पोह्यांचा फोटो संक्रांतीनंतर आठवड्याने आला. कुणाला त्रास झाला तर काय करायचं ठरलं होतं? इथे तो म्हणाला, “इतकं होईल असं वाटलं नव्हतं,” आणि मला वाटतं त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा खरं बोलला.

लॅपटॉपवर शेजारी व्हॉट्सअॅप उघडं राहिलं होतं. ताईंचा चष्मा लांबचा चांगला आहे. संक्रांतीच्या रात्री अकरा पंचवीसला दोन मित्रांना पाठवलेला निरोप त्यांनी शांतपणे वाचून दाखवला : ‘पेटली आणि गेली.’ पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. त्याने लॅपटॉप मिटला.

आता माझ्याबद्दल. ताई त्याला म्हणाल्या, “अरे पण का?” आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, “सरांना विचारा.” मला आठवेना. त्याने फोनवर नोव्हेंबरातला निरोप काढून दाखवला. त्याने गटावर तरुण सभासदांसाठी कार्यक्रमाची कल्पना मांडली होती, बारा-पंधरा ओळींत, उत्साहाने. खाली माझं उत्तर : त्यातल्या शुद्धलेखनाच्या सहा चुका, क्रमांक घालून, आणि शेवटी ‘आधी मराठी लिहायला शिका’. त्यावर नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यात काकूंच्याही होत्या. कार्यक्रमाबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं.

मग ‘नवी सून’ शुद्ध, पुणेरी, निर्दोष मराठी का लिहीत होती ते मला कळलं. तो प्रत्येक निरोप शुद्धलेखन तपासणाऱ्या अॅपमधून काढून पाठवायचा. तिच्या निरोपात मला एकही चूक सापडली नव्हती आणि त्याचं मी मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

एवढं कळल्यावर माझा राग उतरला, संशय मात्र पक्का झाला. अपमानाचं उट्टं काढायचं होतं, ते काढलं. पकडला गेल्यावर अंगावर घ्यायला काहीतरी हवं होतं आणि खुंटीवर संशोधनाचा कोट लटकत होता. तो कोट तिथे आमच्यासारख्यांनीच लटकवून ठेवलाय. ‘सोशल एक्सपेरिमेंट’ म्हणून रस्त्यात माणसं दचकवणारे व्हिडिओ बघत ही मुलं मोठी झालीत, आणि वर्गात आम्ही मिलग्रॅमचे व्होल्ट रंगवून सांगतो, बॉमरिंडना एका ओळीत उरकतो.

काय ठरवलं

पोलिसांत जायचा विषय दोघा-तिघांनी काढला होता. वकीलसाहेबांनी तो बाजूला ठेवला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन त्रासदायक लिहिण्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलंय, आणि खोट्या नावाचं ६६-ड लावायला फसवणूक सिद्ध करावी लागेल, असं त्यांचं मत पडलं. शिवाय, ते म्हणाले, घरचं पोर आहे.

तक्ता आमच्या समोर पुसायचा. आजीला आणि कॉलेजच्या बाईंना त्याने स्वतः सांगायचं. गटावर माफी. आणि काकूंना प्रत्यक्ष भेटायचं. मी नोव्हेंबरातल्या निरोपाबद्दल गटावर लिहायचं, हे मीच घातलं, आणि लिहिताना पोह्यांच्या वादापेक्षा जास्त वेळ लागला.

माफीनाम्याचे तीन खर्डे झाले. पहिला : ‘संशोधनाच्या ओघात कुणाची मनं दुखावली गेली असतील तर’. ताईंनी ‘तर’वर काट मारली. दुसऱ्यात ‘तर’ गेला, ‘संशोधन’ राहिलं. तिसरा चार ओळींचा होता. ‘मी खोटी बाई बनून तुम्हाला डिवचलं. काकूंना लिहिलं ते घाण होतं. संशोधन नव्हतं. चुक माझी.’ ‘चूक’ त्याने ऱ्हस्व लिहिलं होतं. आम्ही तसंच जाऊ दिलं.

काकूंकडे तो एकटाच गेला. तिथे काय झालं ते काकूंनी ताईंना सांगितलं. त्यांनी त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि एकच विचारलं : “मी काय उत्तर द्यायला हवं होतं रे, तुझ्या त्या प्रयोगात?” तो बराच वेळ बसून राहिला. मग कप विसळून ठेवून निघाला.

अभिवाचन पुन्हा सुरू झालंय. काकू येतात, पण गटावर परतल्या नाहीत. रविवारची वेळ त्यांना ताई फोन करून सांगतात.

गेल्या आठवड्यात क्ष माझ्याकडे आला. प्रकल्प नव्याने करतोय, या वेळी बाईंच्या देखरेखीखाली : शहरातल्या मराठी वडीलधाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर कशाचा राग येतो, मुलाखती घेऊन. संमतीपत्र आणलं होतं. दोन पानं, नीट, कधीही माघार घेता येईल हेसुद्धा लिहिलेलं. सहाव्या कलमात माहिती गोपनीय राहील असं होतं. मी विचारलं, त्या दोन मित्रांकडचे स्क्रीनशॉट? म्हणाला, “पुसायला सांगितलंय, सर.” पुसले का? “सांगितलंय.”

संमतीपत्र टेबलाच्या काचेखाली आहे. अजून सही केलेली नाही.